नकाराचा वास

खान्देशात पोळ्याच्या सुमारास कपाशीच्या रानात शिरलं, की काठीला टांगलेलं पिवळं नरसाळं कुठे ना कुठे दिसतंच. वर झाकण, खाली प्लॅस्टिकची लांब पिशवी. हा किडीचे पतंग पकडणारा कामगंध सापळा. झाकणाच्या पोटात अडकवलेली रबराची इवलीशी गोळी हाच त्यातला खरा ऐवज.

चोपड्याकडच्या आमच्या मामांनी यंदाही हेक्टरी ५ च्या हिशेबाने सापळे लावले. गोळीचं पाकीट फोडण्याआधी त्यांनी साबणाने हात धुतले, कारण कांदा-लसणाच्या किंवा तंबाखूच्या हाताने ती धरायची नसते. तंबाखू सोडा म्हणून मामी आयुष्यभर सांगत आली. तेवढ्या वेळापुरतं का होईना, ते काम एका अळीने करून दाखवलं. मामीने गोळी नाकाशी नेली आणि म्हणाली, "माले ते काहीच वास यी नई राह्यना." मीही हुंगून पाहिली. रबर, दुसरं काही नाही.

पण चार दिवसांनी पिशवीच्या तळाशी नखाएवढे राखाडी-तपकिरी पतंग पडलेले होते. पंखांच्या कडेला बारीक केसांची झालर, आणि फडफडून झडलेली पंखांची पूड प्लॅस्टिकला आतून चिकटलेली. कपाशीची बोंडं आतून पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीचे पतंग, आणि सगळेच्या सगळे नर. मादी या सापळ्यात येत नाही. तिच्याच गंधाची नक्कल गोळीत भरून तर हा सगळा बनाव केलेला आहे.

बोंडअळीच्या मादीच्या गंधाची फोड १९७३ साली झाली. एकाच रसायनाची दोन रूपं त्यात जवळपास निम्मी-निम्मी असतात. अणू तेच, साखळी तेवढीच, फक्त एका जागचं वळण वेगळं. हे माप फार चुकलं तर नर पाठ फिरवतो. घाटेअळी ही हरभऱ्यावर आणि कपाशीवरही पडणारी दुसरी अळी, तिच्या मादीचा मसाला निराळा. मुख्य घटक दोनच, पण एक साधारण ९७ भाग आणि दुसरा ३. म्हणून बोंडअळीच्या गोळीवर घाटेअळीचा पतंग फिरकत नाही, आणि उलटही नाही. एकाच शेतात, एकाच रात्री, एकाच वाऱ्यावर दोघींचे निरोप वाहतात आणि पत्ता चुकत नाही. आपल्याकडे कुरिअरवाला दोन गल्ल्यांतही चुकतो.

हे सगळं शोधणं सोपं नव्हतं. रेशमाच्या पतंगाच्या मादीचा गंध नेमका कशाचा, हे जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ साली सांगितलं. त्याआधी सुमारे २० वर्षं ते त्याच्या मागे होते आणि त्यासाठी ५ लाखांच्या आसपास माद्या लागल्या. हाती आले ते काही मिलिग्रॅम. त्या द्रव्याला त्यांनी बॉम्बिकॉल म्हटलं. गंमत म्हणजे पाळीव रेशमाच्या नराला उडताच येत नाही. वास लागला की तो नुसते पंख फडफडवत तुरुतुरु चालत सुटतो.

आपले शेतातले नर मात्र उडतात. मादी पानावर बसून पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढते आणि वारा तो गंध तुटक धाग्यांसारखा पसरवत नेतो. धागा लागला की नर वाऱ्याच्या विरुद्ध पुढे सरकतो. तुटला की तिथल्या तिथे डावी-उजवीकडे हेलकावे घेत पुन्हा शोधतो. बोंडअळीचा हा खेळ मध्यरात्र उलटल्यावर रंगतो, तेव्हा मामा घोरत असतात.

इथवरचं मला थोडंफार ठाऊक होतं. जीव अडकला तो पुढच्या भागात. गंध नुसता 'ये' म्हणत नाही, 'येऊ नको' असंही म्हणतो. घाटेअळीच्याच पतंगावर चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ साली केलेलं काम आहे. कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या मादीची अंडी अजून तयार नसतात. तिच्या गंधात एक द्रव्य जास्त असतं. रचना मुख्य घटकासारखीच, फक्त टोकाला अल्डिहाइडच्या जागी अल्कोहोल. तेवढ्या फरकाने नर थबकतो आणि माघारी वळतो. त्याच्या मिशीत हा नकार ओळखणारा, गंध टिपणारा वेगळा ग्राही (रिसेप्टर) असतो. शास्त्रज्ञांनी जनुकात बदल करून तो ग्राहीच काढून टाकला, तेव्हा ते नर कोवळ्या माद्यांशीही जुळले आणि त्यांतून धड अंडी फारच कमी मिळाली. म्हणजे नकार ऐकू येणं हे नराच्याही फायद्याचंच. पुढे मिलन झालं की मादी काही काळ गंध सोडणंच थांबवते. नकाराचे असे दोन प्रकार झाले: एक स्पष्ट, एक अबोला. होकारापेक्षा मला हीच कारागिरी सरस वाटते. बोलावणं कुणालाही जमतं.

गोळी मात्र फक्त होकार देते, न थकता, रात्रंदिवस. म्हणून सापळा चालतो. तरी नुसत्या सापळ्याने अळी संपत नाही, हे मामा शेजाऱ्यांना बजावून सांगतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो. थोडे नर धरले तरी उरलेले काम भागवतातच. सापळा मुळात मोजण्यासाठी. सलग तीन रात्री एका सापळ्यात ८ ते १० पतंग आले, की डोमकळ्या, म्हणजे अळी लागल्याने नीट न उमललेली फुलं, तपासायच्या, हिरवी बोंडं फोडून पाहायची आणि मग फवारणीचं ठरवायचं.

याच्या पुढची पायरी म्हणजे अख्ख्या शेतातच तो गंध भरून टाकायचा. झाडांना गंधाच्या दोऱ्या बांधतात किंवा मलमासारखं द्रव्य लावतात. मग चहूकडून एकच हाक येते आणि नराला खरी मादी सापडत नाही. अमेरिकेत बोंडअळीचा गंध याच कामासाठी १९७८ साली मंजूर झाला होता. मामांना मी हे उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बांधापलीकडे बोट दाखवलं. तिथे गेल्या हंगामाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उन्हाळाभर तशीच उभी होती, फरदड म्हणजे हंगामानंतरचं जादा पीक घेऊन झाल्यावरही.

"आपल्या शेतातले नर चकवशील भाऊ," ते म्हणाले, "पण तिकडून पोटात अंडी घेऊन येणाऱ्या मादीला कोणता वास दाखवणार?"

गाव मिळून केलं तरच ही युक्ती चालते, हे शास्त्रज्ञही सांगतात. ग्रामसभेत विषय काढायचं मामांनी कबूल केलंय. बांधाचा दावा कोर्टात असलेले ते दोघे भाऊ शेजारी बसायला तयार झाले, तर.