विहिरीतून हिडकलच्या पाण्यात

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेचार वाजता आम्ही बेळगावच्या वडगावातून निघालो, तेव्हा गल्लीत एकाच घरातून मागाची खटखट ऐकू येत होती. दादाच्या टेम्पोत सायकल आडवी बांधली होती आणि ती घासू नये म्हणून आईने तिच्याखाली जुनी वाकळ अंथरली होती. माझ्या मांडीवर एक पिशवी होती आणि तिच्यात टोपी, गॉगल, बूट, दोन केळी आणि शेंगदाण्याचे चार लाडू होते. राणी चन्नम्माचे जन्मगाव असलेली काकती अंधारातच मागे पडली, होनगा गेले, आणि वंटमुरीचा घाट उतरेपर्यंत मी दादाशी एक शब्दही बोलले नाही. शेवटी त्यालाच राहवले नाही. "घाबरू नको गं," तो म्हणाला, "मामाच्या विहिरीत कठड्यावरून उड्या मारायचीस की!"

ते खरे होते. येळ्ळूरला मामाच्या भातशेतीच्या कडेला एक दगडी विहीर आहे आणि सातव्या वर्षी पाठीला डबा बांधून बाबांनी मला तिच्यात सोडले होते. पुढची दहा वर्षे प्रत्येक उन्हाळ्याची सुट्टी त्या विहिरीत गेली. नंतर लग्न, शाळेतील नोकरी आणि दोन मुले या धबडग्यात पोहणे सुटले ते वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी हिडकलच्या धरणावर काही मंडळी ट्रायथलॉन घेणार असल्याचे सांगितले, तेव्हा त्या शब्दाचा नीट अर्थही मला ठाऊक नव्हता. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे एकामागून एक, मध्ये विश्रांती न घेता करायचे, एवढाच त्याचा अर्थ. ऑलिम्पिकमधील अंतरे १५०० मीटर, ४० किलोमीटर आणि १० किलोमीटर अशी असतात. नवख्यांसाठी त्याच्या निम्मी, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. मी निम्म्या अंतरासाठी नाव दिले आणि आठ महिने सराव केला. शहरातल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातील झाडीत धावले, तरणतलावात नव्याने हात मारायला शिकले, आणि रविवारी वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीपर्यंत सायकल नेली. शिनोळीला महाराष्ट्र लागतो. पाट्या बदलतात, पण टपरीवरचा चहा आणि टपरीवाल्याची बोली काही बदलत नाही.

हिडकलला पोहोचलो तेव्हा उजाडत होते. सह्याद्रीत उगम पावून कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत येणारी घटप्रभा हुक्केरी तालुक्यात या धरणाने अडवली आहे. पावसाळा नुकताच सरल्याने जलाशय काठोकाठ भरला होता आणि पाण्यावर हातभर उंचीचे धुके तरंगत होते. नकाशावर आणि फोटोत मी हे पाणी अनेकदा पाहिले होते. काठावर उभे राहिल्यावर मात्र पहिली गोष्ट जाणवली ती ही, की समोरचा काठ फार लांब आहे आणि मध्ये हात टेकायला काहीही नाही. विहिरीत कुठेही असले तरी चार हातांवर दगड असतो. तलावात तळाला काळी रेघ असते, दोरी असते, भिंत असते. मी आयुष्यभर कडेच्या भरवशावर पोहत आले होते आणि हे मला त्या सकाळपर्यंत कळले नव्हते.

शिट्टी वाजली आणि सगळ्यांबरोबर मीही धावतच पाण्यात शिरले. पोहण्याचा टप्पा सर्वांत आधी असतो, कारण थकलेल्या शरीराने पाण्यात उतरणे धोक्याचे असते. थकवा नव्हताच, चूक दुसरीच झाली. पुढच्यांच्या वेगाने मीही हात मारू लागले आणि शंभर मीटरही झाले नसतील तोच छाती आवळल्यासारखी झाली. पाणी गढूळ हिरवे होते. डोके खाली घातले की स्वतःचा हात कोपरापर्यंतच दिसायचा, त्यापुढे नुसता हिरवा अंधार. कोणाचा तरी पाय खांद्याला लागला. श्वास घ्यायला तोंड वर केले तर लाट तोंडात आली. हवा आत येत होती, पण पुरत नव्हती. असे का होते, ते मला नंतर समजले. घाबरलेला माणूस श्वास घेत राहतो, सोडत नाही. छाती आधीच भरलेली असल्याने नवी हवा घ्यायला जागा उरत नाही आणि जीव गुदमरतो. पाण्याखाली तोंडाने बुडबुडे सोडत राहा, हे तलावावरच्या सरांनी शंभरदा सांगितले होते. त्या क्षणी त्यातले काहीही आठवले नाही. मी उलटी होऊन पाठीवर तरंगू लागले आणि वरचे फिकट आभाळ बघत राहिले.

बचावासाठी ठेवलेली एक होडी जवळ आली. तीत एक म्हातारे मच्छीमार होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. होडी धरून थांबायला हरकत नसते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही, हा नियम मला माहीत होता, म्हणून मी कडेला हात टाकला. ते घाईत नव्हते. वल्हे आडवे ठेवून माझ्याकडे पाहत कानडीत म्हणाले, "सावकाश अक्का, सावकाश होगरी." म्हणजे सावकाश जा. कानडीतही आमच्या भागात 'सावकाश' हाच शब्द आहे. घरी बाबा मागावर बसलेल्या नवशिक्याला जे म्हणतात, तेच. मग त्यांनी जलाशयाच्या एका अंगाला बोट दाखवले आणि म्हणाले की तिकडे पाण्याखाली हुन्नूरच्या विठ्ठलाचे जुने देऊळ आहे; उन्हाळ्यात पाणी उतरले की ते बाहेर येते आणि लोक दर्शनाला जातात. मी वर्तमानपत्रात त्याचे फोटो पाहिले होते, शेवाळ धरलेले दगडी खांब आणि भोवती चिखल. माझ्या पायाखालीही कोणाची तरी शेते असतील, बांध असतील, कदाचित एखादी विहीरही असेल, असे मनात आले आणि का कोण जाणे, त्या पाण्याचे भय निम्मे झाले. तळ नसलेले पाणी ते राहिले नाही. मी सावकाश श्वास सोडला, पूर्ण सोडला, आणि होडीचा हात सोडून निघाले. आठ-दहा हात मारायचे, मगरीसारखे डोळे पाण्याबाहेर काढून पुढचा नारिंगी फुगा शोधायचा, पुन्हा डोके खाली. फुगा डावीकडे सरकलेला दिसला की समजायचे, आपण उजवीकडे वाहवत चाललो आहोत. उरलेले अंतर मी एकदाही न थांबता पोहले.

पाण्याबाहेर आल्याच्या आनंदात पुढची चूक झाली. सायकली लावलेल्या जागी पळत गेले, ओल्या पायांना मोजे चढेनात म्हणून खाली बसकण मारली, आणि उठताच सायकल ओढून निघाले. पंचांनी हात आडवा केला. हेल्मेट डोक्यावर होते, पण हनुवटीखालचा पट्टा लोंबत होता. पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, असा या खेळाचा पक्का नियम आहे. मी सायकल परत जागेवर ठेवली आणि पट्टा लावू लागले, पण थंडीने आखडलेल्या बोटांना ती बारीक चाप सापडेना. दादा दोरीपलीकडून काहीतरी ओरडत होता आणि आपल्याला मदत करायला बंदी आहे म्हणून तळमळत होता.

सायकलच्या २० किलोमीटरबद्दल सांगण्यासारखे फार नाही. रस्ता बरा होता आणि मला सायकल येते. उसाचा हंगाम सुरू झाल्याने दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अधूनमधून भेटत होते आणि त्यांच्यातून पडलेल्या कांड्या चुकवाव्या लागत होत्या. एका वळणावर गुरांना वैरण नेणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. त्यांतली एक मराठीत म्हणाली, "बाई हाय ग ती!" मला इतके बळ आले की पुढचा चढ मी गिअर न बदलता चढले. पाण्याची बाटली मात्र जशीच्या तशी राहिली. तहान लागली नव्हती, म्हणून प्यायले नाही. पाण्यातून आलेल्या माणसाला तहान जाणवत नाही, पण घाम तर वाहून गेलेला असतोच.

त्याचे फळ धावताना मिळाले. सायकलवरून उतरून पळायला लागले तर पाय माझे नव्हतेच. गुडघ्याखाली कोणी लाकडाचे ओंडके बांधल्यासारखे वाटत होते. तासभर एकाच तऱ्हेने फिरलेल्या मांड्यांना लगेच शरीराचे वजन पेलून पुढे झेपावता येत नाही. त्यासाठी सायकलनंतर लागलीच धावण्याचा वेगळा सराव करायचा असतो, त्याला या खेळातले लोक 'ब्रिक' म्हणतात. मी धावले होते आणि सायकलही चालवली होती, पण वेगवेगळ्या दिवशी. तिसऱ्या किलोमीटरला उजव्या पोटरीत गोळा आला. मी रस्त्याकडेच्या दगडावर पाय टेकवून पोटरी ताणली, पाणी मागून प्यायले, आणि चालत-पळत ५ किलोमीटर पुरे केले. शेवटच्या वळणावर ते म्हातारे मच्छीमार होडी बांधून उप्पीट खात बसले होते. मला बघून त्यांनी द्रोण खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर हत्तरगीच्या टोलनाक्याजवळ दादाने चहाला गाडी थांबवली, तेव्हा मी वेळेची चिठ्ठी पहिल्यांदा नीट वाचली. एकूण वेळ २ तास ४ मिनिटे. पोहायला २४, सायकलला ५२, धावायला ३८. बेरीज ११४ मिनिटे भरते. उरलेली १० मिनिटे कपडे, मोजे, पट्टा आणि बूट यांत गेली होती. सिडनीला २००० साली ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली, तेव्हा महिलांची शर्यत स्वित्झर्लंडच्या ब्रिजिट मॅकमहोनने अवघ्या २ सेकंदांनी जिंकली होती. ते वाचले होते तेव्हा त्या २ सेकंदांचा मला धाक वाटला होता, आता चिठ्ठीतील १० मिनिटांकडे बघून वाईट वाटले. आठ महिने मी तीन खेळ शिकत होते. त्यांच्यामधल्या जोडांकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

घरी चिठ्ठी दाखवली तेव्हा बाबांना नवल वाटले नाही. मागावरचा ताणा संपत आला की जुन्या टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन जोडावा लागतो. शेकडो धागे, आणि एक सुटला तरी साडीभर रेघ उमटते. "विणायला हात लागतात," ते म्हणाले, "जोडायला डोळे लागतात." मग त्यांनी मला पट्टा कसा अडकला ते करून दाखवायला सांगितले आणि चाप स्वतः चार वेळा उघडून-मिटून पाहिली.

पुढच्या रविवारी सकाळी मी परड्यात गोणपाट अंथरले, त्यावर मोजे, बूट आणि हेल्मेट ओळीने मांडले, सायकल पेरूच्या झाडाला टेकवली आणि बादलीभर पाणी अंगावर ओतून घेतले. बाबा घड्याळ घेऊन ओट्यावर बसले होते. पहिल्या खेपेला ३ मिनिटे १० सेकंद लागले. त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "परत कर. मोजे आधी उलटून ठेव."