भिलारची दुपार
आज भिलारला होते. पाचगणी-महाबळेश्वर वाटेवरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' आहे. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, पलीकडे बालसाहित्य. कुणीही यावं, फुकट वाचावं.

एका घरी काकूंनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "कथा वाचणार की कादंबरी?" आणि मी कधीच नाव न ऐकलेल्या लेखिकेचा कथासंग्रह हातात ठेवला. दुपार त्यातच गेली. दुकानात तो मला दिसलाही नसता! नवख्या लेखकाला वाचक असेच मिळतात, हातातून हातात.

उद्या आमच्या वाचनालयात जाऊन तिची बाकीची पुस्तकं मागणीवहीत लिहिणार आहे. सभासदांनी मागितलं की ग्रंथपालांनाही खरेदीची यादी करताना बळ येतं. तुम्हीही एक नाव लिहा ना, शक्यतो आज लिहित असलेल्या लेखकाचं.