पुढून पेट्या, मागून लाथा

दोनदा फसून तिसऱ्या खेपेला आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबीचा उपचार, लागू पडला, तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त. गुहागरहून चिपळूणला सोनोग्राफीला जाताना प्रत्येक खड्ड्याला मी पोट धरायची. खड्ड्यांनी काही होत नाही हे ऐकलं होतं, तरी.

गर्भ टिकावा म्हणून द्यायची ती प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची इंजेक्शनं तेलातली, त्यांच्या गाठी धरायच्या. सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन पडवीत यायच्या आणि म्हणायच्या, "अगो, एवढा विचार केलास तर पोराचं कसं होईल?" झालं, ताण दुप्पट!

शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारूनच टाकलं. त्या म्हणाल्या, खूप दिवस चाललेल्या तीव्र ताणाचा वेळेआधीच्या बाळंतपणाशी, कमी वजनाशी संबंध दिसतो. रोजच्या काळजीला घाबरू नका. पण झोप उडाली, जेवण जाईना, तर सांगा. झोप उडालेलीच होती. सांगितलं, आणि समुपदेशन सुरू झालं. ते आधीच का नाही सुचवत कोणी?

२८व्या आठवड्यापासून मी ह्यांच्या आंब्याच्या हिशेबाच्या वहीत बाळाच्या लाथा मोजायला लागले. पुढून पेट्या, मागून लाथा.

लेक ३६व्या आठवड्यातच आली, २ किलो ३०० ग्रॅमची. अडीच किलोच्या आत म्हणून मी हादरले. सिस्टरने तिला नुसतं लंगोट-टोपरं घालून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं. तिचा श्वास माझ्या गळ्याशी लागत होता, कोमट, घाईघाईचा.

वही अजून आहे. शेवटची नोंद: सकाळी दहा वाजता, अकरा लाथा. पान उलटलं की ह्यांचं अक्षर: पायरी, चार पेट्या, पैसे बाकी.