२०० मीटरचा ट्रॅक आणि स्टॅगरचा घोळ

तालुक्याच्या शालेय मैदानी स्पर्धेचा ट्रॅक आखायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. गवत काढणं, फक्की आणणं, पोरांना खुंट्या धरायला उभं करणं, ही सगळी कामं होऊन जातात. अडतं ते स्टॅगरपाशी, म्हणजे बाहेरच्या लेनचा स्टार्ट किती पुढे घ्यायचा त्यापाशी. गणित अवघड आहे म्हणून नव्हे. ४०० मीटरच्या ट्रॅकचं कोष्टक खिशात घालून येणारे आणि ते छापील आहे म्हणजे बरोबरच असणार असं मानणारे लोक दरवर्षी नव्याने भेटतात, म्हणून. या लेखातला अर्धा वैताग त्यांच्यासाठी आहे.

आधी ट्रॅक. आपल्याकडे बहुतेक शाळांच्या मैदानात ४०० मीटर बसतच नाही, म्हणून २०० चा आखायचा. मी सरळ बाजू ४० मीटर धरतो. दोन सरळ बाजू मिळून ८० होतात, उरलेले १२० दोन वळणांचे, म्हणजे एक वळण ६० मीटर. त्याला ३.१४१६ ने भागलं की १९.१० मीटर त्रिज्या येते. पण ही धावण्याच्या रेषेची त्रिज्या. फक्कीने आखलेल्या, आतल्या कडेला उंच कठडा नसलेल्या ट्रॅकवर अंतर आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजतात, म्हणून फक्की मारायची ती १८.९० वर. लेन १.२२ मीटरची, आणि त्यात उजव्या बाजूची ५ सेंटिमीटरची रेघ धरलेली असते. सहा लेनसाठी त्रिज्या अशा: १८.९०, २०.१२, २१.३४, २२.५६, २३.७८, २५.०० आणि सगळ्यात बाहेरची २६.२२. एवढ्याला ९२.४४ मीटर लांब आणि ५२.४४ मीटर रुंद मोकळी जागा लागते. कुंपणाला, झाडाला किंवा कबड्डीच्या खांबाला घासून जाणारी लेन आखू नका. त्यापेक्षा चार लेन आखा.

मैदानाच्या मध्यावर ४० मीटर अंतराने दोन केंद्रबिंदू घ्यायचे आणि दोन्हीकडे ९-१२-१५ मीटरच्या त्रिकोणाने काटकोन काढायचा. ३-४-५ चा त्रिकोण एवढ्या मोठ्या मैदानाला लहान पडतो. मग चारही कोपरे ठरवून कर्ण ताणायचे. ४० बाय ३७.८० च्या आयताचा कर्ण ५५.०३ येतो. दोन्ही कर्णांत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जायचं नाही, कोपरे हलवायचे. ५० मीटरची टेप इथे पाच मीटरने कमी पडते, तेव्हा १०० ची मागून घ्या.

वळण मारायला नायलॉनची दोरी वापरू नका. ताणली की लांबते, सैल सोडली की आखडते, आणि त्रिज्येत १० सेंटिमीटर फरक पडला की एका फेरीत ६३ सेंटिमीटर जातात. पातळ तार किंवा स्टीलची टेप घ्या. केंद्रावर पहार ठोका, पण तारेचा फास पहारीभोवती मोकळा फिरला पाहिजे. तार पहारीला गुंडाळत गेली की त्रिज्या हळूहळू कमी होते आणि वळणाचं दुसरं टोक सरळ रेषेला जुळतच नाही. मग दोष टेपला दिला जातो.

आता स्टॅगर.

एकच आकडा डोक्यात ठेवा: ३.८३. प्रत्येक लेनला तिच्या आतल्या लेनपेक्षा एका वळणात एवढे मीटर जास्त धावावे लागतात. १.२२ गुणिले ३.१४१६. त्रिज्येशी याचा संबंध नाही, ट्रॅक कितीही मोठा असो की लहान. संबंध आहे तो फक्त दोन गोष्टींशी, लेनची रुंदी आणि शर्यतीत येणारी वळणं. जागा नाही म्हणून कोणी एक मीटरची लेन आखली तर आकडा ३.१४ होतो. तिथेही ३.८३ लावणारे पाहिलेत.

आता ४०० च्या ट्रॅकचं कोष्टक कुठे फसतं ते बघा. त्या ट्रॅकवर २०० मीटरच्या शर्यतीत एकच वळण येतं, म्हणून दुसऱ्या लेनला साडेतीन-पावणेचार मीटर पुढे उभं करतात. आपल्या ट्रॅकवर २०० म्हणजे पूर्ण फेरी, म्हणजे दोन वळणं. तिथे दुसऱ्या लेनला ७.६७ हवेत. कोष्टकातली ‘२०० मीटर’ ही ओळ बघून कोणी आखणी केली तर बाहेरच्यांना लेनमागे ३.८३ मीटर जास्त पळावं लागतं. सहाव्या लेनमधल्या मुलाला १९ मीटर! सेकंदाला सात मीटर पळणाऱ्या मुलाचे जवळजवळ पावणेतीन सेकंद गेले. तो शेवटचा येतो, पंच निकाल लिहितात, आणि जिल्ह्याला जातो तो पहिल्या लेनमधला. त्यानंतर ‘चिठ्ठ्या टाकून लेन दिल्या होत्या’ असं सांगण्यात काय अर्थ आहे?

दुसरी मेख ७.०४ ची. पुस्तकात पूर्ण फेरीच्या स्टॅगरसाठी दुसऱ्या लेनला ७.०४ आणि पुढे प्रत्येक लेनला ७.६७ दिलेले असतात. ते कठडा असलेल्या ट्रॅकसाठी आहेत. तिथे पहिली लेन कठड्यापासून ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या २० वर, म्हणून पहिला फरक कमी येतो. आपल्या मैदानावर कठडा नसतो, फक्कीची रेघ असते. सगळ्या लेन २० वरच मोजायच्या, म्हणून दुसरीपासून सरसकट ७.६७. पहिल्या लेनची त्रिज्या २० सेंटिमीटरचं माप धरून काढायची आणि स्टॅगर ३० सेंटिमीटरच्या कोष्टकाचा लावायचा, हे दोन्ही एकाच मैदानावर चालत नाही.

आकडा बरोबर घेतला तरी तो वळणावर टाकताना खरा गोंधळ होतो. स्टॅगर धावण्याच्या रेषेवरून, वाकडा मोजायचा असतो. लोक सहाव्या लेनला टेप सरळ ताणून ३८.३३ वर खूण करतात. सरळ ताणलेली टेप वळणाची जीवा मोजते, वळण नव्हे. तिथे खूण केली तर मुलगा वळणावरून ४३ मीटरच्याही पुढे उभा राहतो. पाच मीटर फुकटचे. म्हणजे एका चुकीत बाहेरच्याचं नुकसान, दुसरीत फायदा, आणि दोन्ही एकत्र झाल्या तर कोणाचं काय झालं ते कोणीच सांगू शकत नाही.

यावर मी काढलेला मार्ग असा. शेवटची रेषा सरळ बाजूच्या टोकाला, जिथे वळण सुरू होतं तिथे ठेवायची. त्या रेषेवर प्रत्येक लेनच्या आतल्या रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर खिळा मारायचा. तिथून टेप सरळच ताणायची, पण जीवेचं माप घेऊन, आणि दुसरं टोकही त्याच लेनच्या २० सेंटिमीटरवर टेकवायचं. वर दिलेल्या त्रिज्यांसाठी २०० मीटरची मापं: दुसरी लेन ७.६२, तिसरी १५.०१, चौथी २२.०३, पाचवी २८.६२, सहावी ३४.७४. सरळ बाजू ४० ऐवजी दुसरी घेतली की त्रिज्या बदलते आणि ही मापं बाद होतात. ७.६७ मात्र तसाच राहतो.

४०० मीटर, म्हणजे दोन फेऱ्या, लेनमध्येच पळवायची असेल तर वेगळं कोष्टक लागत नाही. २०० च्या सुरुवातीच्या खुणेवरून तीच जीवा पुन्हा एकदा टाका. तपासायला सोपं आहे: सहाव्या लेनचा ४०० चा स्टार्ट वळण संपायच्या अडीच मीटर आधी यायला हवा. तो समोरच्या सरळ बाजूवर गेला असेल किंवा वळणाच्या मध्यावर राहिला असेल तर शिट्टी वाजवायची नाही, आधी टेप काढायची.

४ × १०० रिले याच ट्रॅकवर दोन फेऱ्यांची होते, चार वळणांची. स्टार्ट ४०० चाच. पहिल्या बदलाला तीन वळणं उरतात, म्हणून लेनमागे ११.५०, दुसऱ्याला दोन, म्हणजे थेट २०० चा स्टार्टच, तिसऱ्याला एक, ३.८३. बॅटन बदलाचा झोन ३० मीटरचा, खुणेच्या आधी २० आणि नंतर १०. जुना २० मीटरचा झोन आणि त्याच्या मागे १० मीटरची पळायची जागा, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून बदलला आहे. तरी अजून काही ठिकाणी २० चाच झोन आखलेला दिसतो. प्रत्येक शर्यतीच्या खुणांना रंग वेगळे द्या, नाहीतर रिलेची मुलं २०० च्या रेषेवर उभी राहतात.

वळणावरची स्टार्टची रेघ शेवटच्या रेषेला समांतर काढू नका. केंद्रावरच्या पहारीपासून तार ताणून त्या तारेवरच ती रेघ मारायची, म्हणजे ती लेनला काटकोनात येते.

हे सगळं झालं की एकदा बेरीज करा. सहाव्या लेनची पूर्ण फेरी २३८.३३ मीटर. त्यातून ३८.३३ गेले की २०० राहिले पाहिजेत. कोणी वाद घालायला आलं की मी ही बेरीज कागदावर लिहून देतो आणि त्यांच्या कोष्टकाने तीच करून दाखवायला सांगतो.

शेवटची रेषा मात्र कोणाच्या सोयीने हलवायची नाही. पाहुण्यांचा मंडप मधोमध असतो, म्हणून फिनिश मंडपासमोर घ्या, असा आग्रह हमखास होतो. घेता येते, पण मग स्टॅगर आधी २० मीटर सरळ बाजूवर आणि उरलेला वळणावर मोजावा लागतो, वरच्या जीवा निरुपयोगी ठरतात. मंडप वीस मीटर सरकवायला दोन माणसं लागतात, स्टॅगर सरकवायला सगळी संध्याकाळ.

१०० मीटर या ट्रॅकवर घेऊ नका. ४० च्या सरळ बाजूवर ती बसत नाही आणि वळणावरून पळवली तर ती वेगळीच शर्यत होते. मैदानाच्या कर्णावर १०६ मीटर मिळतात हे खरं, पण स्टार्टच्या मागे ३ आणि फिनिशनंतर १७ मीटर मोकळे हवेत, म्हणजे एकूण १२०. सहा मीटरवर कुंपण असेल तर मुलं फिनिशच्या आधीच वेग कमी करतात, आणि जी करत नाहीत ती हात मोडून घेतात. तालुक्याच्या क्रीडासंकुलात किंवा शेजारच्या मोठ्या मैदानावर सरळ पट्टी आखून १०० आधी उरकून घ्या.

फक्कीचं सांगायचं राहिलं. सहा लेनच्या सात रेघा मिळून दीड किलोमीटरच्या वर जातात. मीटरला ५० ग्रॅम धरले तर ७५ ते ८० किलो लागते. २५ किलोच्या तीन पिशव्या आणि चौथी हाताशी. पांढऱ्या दगडाची पूडच घ्या. स्वस्त म्हणून कळीचा चुना आणला की ओल्या मैदानावर पडलेल्या मुलाचे गुडघे भाजतात आणि डोळ्यात गेला तर दवाखाना. आदल्या संध्याकाळी पाणी मारून जमीन बसवा, दव सुकल्यावर फक्की मारा. पाऊस येणार असेल तर फक्कीची घाई करू नका, पण खिळे मारून ठेवा, खिळ्याच्या डोक्याला रंगीत कापड बांधून. रेघा धुऊन गेल्या तरी खिळ्यांवरून तासाभरात पुन्हा आखता येतात. स्पर्धा संपली की लेनमधले खिळे मोजून काढा, एकही राहू देऊ नका. केंद्राच्या दोन जागी मात्र वीट जमिनीत पुरा, वर चार बोटं माती टाका, आणि ध्वजस्तंभापासून व शाळेच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून तिचं अंतर मोजून क्रीडा विभागाच्या वहीत लिहून ठेवा.