तिघींत तिसरी

१८ ऑगस्ट, सोमवार

सरांनी आज ज्यूदो क्लासच्या फळ्यावर ऑक्टोबरच्या स्पर्धेची नावं लिहिली. ‘सीनियर मुली, ५७ किलो’ याखाली माझं नाव. मुली! वय ४१, लेक दहावीत. पोरं फिदीफिदी हसली, मीही हसले आणि बिंदू चौकापर्यंत येते तोवर पोटात गोळा.

हाडं मोडतील ही भीती नव्हे. पडायची भीती ज्यूदोत लवकर जाते, कारण ती घालवायची रीतसर पद्धत आहे. डाव नंतर, आधी पडणं. उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीशी घ्यायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल ठेवायची, आणि जमिनीला लागायच्या क्षणी अख्खा हात, तळव्यासकट, अंगापासून थोडा लांब सपकन मारायचा, म्हणजे धक्का एका जागी बसत नाही, पसरतो. श्वास सोडायचा, धरून ठेवला की बरगड्या रात्री आठवण करून देतात. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं, आणि शेवटी कुणीतरी उचलून टाकल्यावर. एवढं झालं की शरीर आपलं आपण शहाणं होतं. परवा पावसात बँकेच्या पायरीवरून घसरले तर हात आपोआप मारला गेला, पिशवीतली वांगी तेवढी सांडली.

मग भीती कसली? रात्री भांडी आवरताना लक्षात आलं. क्लासमध्ये चौदा-पंधरा वर्षांची पोरं मला “काकू, सांभाळून हां” म्हणत आपटतात, त्याचं काही वाटत नाही. तिथे मात्र गॅलरी असेल, अनोळखी लोक असतील. त्यांच्यासमोर पाठ टेकायची आहे. आमच्या माहेरी पोरींना नापास व्हायला बंदी नव्हती. नापास झालेलं शेजारी कळायला बंदी होती.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी गेल्या. पुरणपोळ्या अंगावर ठेवून गेल्या. काटा ५८ च्या पुढे. आता रात्रीचा भात बंद.

आज सरांनी नियम वाचून दाखवले. नखं कापलेली, केसांत धातूची पिन नको, ज्यूदोगीच्या, म्हणजे ज्यूदोच्या पोशाखाच्या, आत बायकांनी पांढरा टी-शर्ट, अंगावर एकही दागिना नको. क्लासला जाताना मी मंगळसूत्र पर्समध्ये टाकते ते घरी माहीत आहे. जोडवी मात्र तशीच घालून वर चिकटपट्टी लावायचे. तिथे ते चालणार नाही. निघता निघत नाहीत म्हणून साबण लावून काढायला बसले, तर सासूबाई दारात. “आता हे काय गं?” सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या. मग हात पुढे करून म्हणाल्या, “आण इकडं. तिकडं कुठं तरी हरवशील.” आणि आपल्या डबीत ठेवून दिली. या घरात मी जिला सगळ्यात जास्त भिते, तिच्याशी झालेली ही माझी सगळ्यात लहान लढत.

९ सप्टेंबर, मंगळवार

सरांनी आज नवीन खूळ काढलं. मॅटच्या चारी बाजूंनी सगळ्या क्लासला बसवलं आणि सांगितलं, “ओरडा.” मधे मी आणि कॉलेजची एक पोरगी. वर घड्याळ लावलेलं: शेवटचं एक मिनिट उरलंय आणि मी वाझा-आरीनं (अर्ध्या गुणानं) मागे आहे, असं धरून खेळायचं. पोरांनी गणपतीच्या मिरवणुकीतला उरलेला घसा तिथे मोकळा केला. एकाने तर “काकू, कुकर लावलाय का?” असंही ओरडून घेतलं.

पहिल्या फेरीत मला सरांचा आवाजही ऐकू आला नाही. हातपाय चालत होते, पण ते कुणाचे तरी दुसऱ्याचेच. सर म्हणाले, “ताई, डोक्यात एकच गोष्ट ठेवायची. बाही. पहिली बाही तुम्ही पकडायची. जिंकायचं-हरायचं नंतर बघू की.” दुसऱ्या फेरीत फक्त समोरच्या पोरीची उजवी बाही बघितली. गोंगाट तसाच होता, पण तो लांब गेला. पुस्तकातल्या ‘एकाग्रता’ वगैरे शब्दांपेक्षा कोपराजवळचा कापडाचा तो चुण्या पडलेला तुकडा मला जास्त पटला. मन आवर म्हटलं की आवरत नाही, हाताला काम दिलं की ते त्याच्या मागे जातं.

आणखी एक शिकवलं. रेफरी ‘माते’ म्हणाला की लढत थांबते, दोघं आपापल्या जागी जातात. तेवढ्यात पट्टा नीट करायचा, एक लांब श्वास सोडायचा, आणि मागचं काय झालं ते तिथेच टाकायचं. नवे खेळाडू या वेळात घड्याळाकडे आणि पालकांकडे बघतात, असं सर म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण माझ्यासाठीच होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

माहेरी. आप्पांना स्पर्धेचं सांगितलं. आप्पा म्हणजे खासबागेच्या कुस्ती मैदानातल्या दगडी पायऱ्या झिजवलेला माणूस. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात लहानपणी भावाला घेऊन जायचे, आम्हा बहिणींना नाही. ज्यूदो त्यांना कुस्तीचा सदरा घातलेला भाऊ वाटतो. आज उठून उभे राहिले आणि म्हणाले, “दाखव तुझा डाव.” सेओई-नागे दाखवला: बाही ओढायची, पाठ फिरवून समोरच्याच्या आत शिरायचं आणि खांद्यावरून पुढे टाकायचं. “हे धोबीपछाड नव्हं?” म्हणाले. होय, तेच. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान, जणू जपान्यांनी आमच्या पेठेतूनच नेलं.

मग ओघाने खाशाबा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, आमच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले, मॅटची सवय नव्हती. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार दिले. तिथे ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे सगळं आप्पा दर वर्षी सांगतात आणि आम्ही दर वर्षी ऐकतो. या वेळी माझ्याकडेही त्यांना सांगायला काही तरी होतं. हेलसिंकीत खाशाबांच्या गटात सोनं जिंकलं ते शोहाची इशी यांनी, आणि ते मुळात ज्यूदोवाले. महायुद्धानंतर अमेरिकन अमलात जपानमध्ये ज्यूदोवर बंदी आली म्हणून ते कुस्तीकडे वळले. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे बंदी नसती तर आपलं सोनं झालं असतं काय?” इतिहासाशी असा हिशेब घालता येत नाही, पण मी वाद घातला नाही.

विचारलं, मैदानात हरलेल्या पैलवानाचं काय होतं? “काय व्हायचं? जिंकलेल्याला फेटा बांधत्यात, खांद्यावर घेत्यात. हरलेला गर्दीत जातो. त्याच्याकडं कोण बघतंय?”

हे डोक्यात राहिलं, कारण ज्यूदोत तसं निसटून जाता येत नाही. लढत संपली की दोघांनी सुरुवातीच्या जागी परत यायचं. विस्कटलेला जॅकेट पट्ट्यात खोचायचा. समोर उभं राहायचं, रेफरी जिंकलेल्याकडे हात करतो तो बघायचा आणि वाकून नमस्कार करायचा. मगच मॅटवरून उतरायचं, तेही पाठ न फिरवता. हरलेल्यालाही हे सगळं तितक्याच सावकाश करावं लागतं. कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एका देवळात बारा चटयांवर कोदोकान सुरू केलं. शाळेत दांडग्या मुलांचा मार खाल्लेला, अंगानं किरकोळ माणूस. त्यामुळे हरलेल्याला उभं कसं राहायचं हेही शिकवावं लागतं, असं त्यांना वाटलं असेल का? माझा आपला तर्क.

२८ सप्टेंबर, रविवार

झोप येईना म्हणून पॅरिस ऑलिंपिकची ती लढत पुन्हा पाहिली. जपानची उता आबे, ५२ किलो, तोक्यो ऑलिंपिकची सुवर्णविजेती, आणि २०२४ मध्ये दुसऱ्याच फेरीत उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाकडून इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, लढत तिथेच संपली. पुढे सोनं केल्दियोरोवानेच जिंकलं. आबे मॅटवरून उतरली आणि कोचला धरून हंबरडा फोडून रडली. आवरेचना. सगळं सभागृह “उता, उता” करत होतं. जपानमध्ये काही लोकांनी नावं ठेवली, हे शोभत नाही म्हणून.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही शोभलं नव्हतं. खंबीर माणूस रडत नाही ही आपली समजूत. आज वाटलं, या पोरीने जगासमोर हरून दाखवलं आणि जगासमोर रडूनही दाखवलं, आणि ज्यूदो सोडला नाही. कणखरपणा मोजायचा तर डोळे कोरडे होते की ओले यावर कशाला मोजायचा? पुढच्या आठवड्यात ती मॅटवर होती की नाही, एवढं बघावं. (हे लिहायला सोपं आहे, मला ठाऊक आहे.)

१२ ऑक्टोबर, रविवार, रात्री उशिरा

खांदा ठणकतोय, पण आजच लिहिते.

पहाटे वजन: ५६.८. मग दुपारपर्यंत वाट बघणं. स्पर्धेतला सगळ्यात अवघड भाग हाच. लढत चार मिनिटांची, वाट बघणं चार तासांचं. तोंडाला कोरड, आणि बाथरूमच्या खेपा. शेजारी बसलेली पोरगी मोबाइलवर रील्स बघत होती, तिला पाहून मला माझ्या वयाची लाज वाटली आणि तिच्या गार डोक्याचा हेवा.

आमच्या गटात तिघीच. म्हणजे प्रत्येकीने प्रत्येकीशी.

पहिली लढत तीच रील्सवाली. ‘हाजिमे’ (सुरू करा) झालं, बाही पकडली, खरोखर पकडली, आणि पुढच्या क्षणी छत दिसलं. ओ-सोतो-गारी. बाहेरून पाय मागे घालून झाडून टाकलं. हात आपोआप जमिनीवर आपटला, आवाज खणखणीत आला. रेफरीचा हात सरळ वर. इप्पोन. मिनिटही झालं नसेल. उठले, जागेवर आले, जॅकेट खोचला. हे खोचणं फार वेळ घेतं, आज कळलं. पट्टा सोडून परत बांधला. गॅलरीकडे मुद्दाम पाहिलं. अहो आणि लेक टाळ्या वाजवत होते. बाकी एक मुलगा केळं सोलत होता, दोन-चार जण मोबाइलमध्ये. ज्यांच्यासाठी मी इतके आठवडे घाबरले, त्यांतल्या निम्म्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मला त्याचा थोडा रागच आला.

दुसरी लढत मात्र झाली. समोरची माझ्यापेक्षा ताकदवान, पण उतावळी. क्लासमध्ये मला सगळ्यांची पकड ओळखू येते: कोण डावीकडे ओढतो, कोण आधी श्वास घेतो आणि मग शिरतो. इथे परकी पकड होती. कॉलर धरण्यातच निराळेपणा, मनगट आत वळवलेलं. स्पर्धेशिवाय ही पकड भेटत नाही, कितीही वर्षं सराव करा. पहिलं मिनिट नुसतं ती ओळखण्यात गेलं. मग एकदा ती पुढे झुकली आणि सेओई-नागे लागला; पूर्ण पाठीवर नाही, कुशीवर. वाझा-आरी! लेकीची किंकाळी मी ओळखली. पण खाली ती माझ्यापेक्षा चपळ. कधी फिरली कळलं नाही, माझी मान तिच्या काखेत आणि छातीवर तिचं सगळं वजन. केसा-गातामे. वीस सेकंद धरलं की इप्पोन.

वीस सेकंद हा फार मोठा वेळ आहे. पाठीची कमान केली, फिरले, तिचा पाय माझ्या पायांत अडकवायचा प्रयत्न केला. उलट्या गॅलरीत अहो उभे राहिलेले दिसले. मला एकदाही थापटून सोड म्हणावंसं वाटलं नाही, आणि एकदाही लोक बघतायत असं आठवलं नाही. बझर वाजला.

परत जागेवर. जॅकेट खोचला. या वेळी घाई नव्हती. नमस्कार झाल्यावर ती पोरगी हात मिळवताना म्हणाली, “काकू, तो थ्रो कसला लागला हो! मी घाबरलेच.”

तिघींत तिसरी. ब्राँझ. व्यासपीठावर फोटोही निघाला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मार्शल आर्ट्सनं आत्मविश्वास वाढतो म्हणतात, क्लासच्या फलकावरही लिहिलंय. माझा अनुभव जरा वेगळा. आज बँकेच्या शाखेत थकबाकीची आढावा बैठक होती, मोठे साहेब आलेले. आकडे मला मांडायचे होते. उभी राहिले तर आवाज कापत होता, नेहमीसारखाच. मॅटवरचा धीर मॅटवर राहिला होता. फरक एवढाच की पूर्वी आवाज कापला की मी तो लपवायला भराभर वाचून खाली बसायचे. आज कापू दिला. एका खात्यावर साहेबांनी हटकलं तेव्हा थांबले, कागद सरळ केले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. साहेबांना पटलं असं नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर अहोंनी व्यासपीठाचा फोटो टाकला होता. अभिनंदनाचा पाऊस, पुष्पगुच्छ, ढाल-तलवारी. खालच्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, “खाशाबांचंही ब्राँझच होतं!” आता यावर काय बोलावं? मी लिहिलं, “काका, आमच्या गटात तिघीच होतो. मी दोन्ही लढती हरले.” त्यावर त्यांनी नमस्काराचे दोन हात पाठवले आणि आणखी सात-आठ जणांनी पुष्पगुच्छ. अहो म्हणाले, “सांगायची काय गरज होती?” मला तर सांगताना मजाच वाटली.

आप्पांचा फोन आला. त्यांना फक्त वाझा-आरीचं ऐकायचं होतं. तीनदा सांगायला लावलं.

सासूबाईंनी जोडवी परत दिली. क्लासचं विचारून घेतलं, पुन्हा कधी काढायची ते. दिवाळीनंतर म्हटलं. सरांनी सांगून ठेवलंय, खालच्या पकडीतून सुटायचं रोज दहा मिनिटं, आणि पकड डाव्या हाताची. माझी उजवी पकड सगळ्या पोरी आता ओळखतात.