ट्रान्सफर बदलून स्पितीला: आधी रबर बघा, मग गिअर

धुळ्याच्या पुढे चौपदरी रस्त्यावर ताशी ऐंशीला जिप्सी ओरडायला लागली, आणि मेहुणा म्हणाला, "दाजी, पाचवा टाका ना." पाचवाच होता. जायचं होतं हिमाचलातल्या स्पितीला, आणि पुण्याहून मनालीच सुमारे दोन हजार किलोमीटर. त्यातले साडेतीनशे झाले होते आणि माझे कान आत्ताच बसले होते.

निघण्याआधी महिनाभर मी जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये खालच्या गिअरिंगचा सेट टाकून घेतला. ट्रान्सफर म्हणजे गिअरबॉक्सनंतरचा दुसरा डबा: इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटतो, आणि त्याला रोजची हाय आणि अवघड रस्त्याची लो अशा दोन रेंज असतात. आकडा मोठा म्हणजे गिअरिंग खाली: वेग कमी, जोर जास्त. मूळ लो २.२६८ ची, नवी ४.१६ ची. काम करणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, हायवेला काही फरक पडत नाही, फरक फक्त लोमध्ये. आणि याच्याशिवाय गाडी त्या उंचीवर चढणारच नाही." दोन्ही वाक्यं खोटी. कशी, ते पुढे आकड्यांनिशी सांगतो, कारण मला ते आधी कुणी सांगितलं नाही आणि मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो नाही.

जिप्सीत ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो वेगळा, चॅसीला तीन ठिकाणी रबरावर टांगलेला, आणि मधे एक आखूड शाफ्ट. दुसरी गंमत म्हणजे हायमध्येही तो सरळ एकास एक जात नाही, १.४०९ ने खाली आणतो. सेट बदलला की लोबरोबर हायही बदलते. माझ्या सेटमध्ये हाय १.५८ च्या आसपास गेली, म्हणजे १२ टक्के खाली. मूळ २०५/७० आर १५ टायरवर ऐंशीला पाचव्यात इंजिन आधी साधारण २,७८० फेरे मारायचं, आता ३,१०० च्या वर. तेराशेचं इंजिन, कापडी छत. दिवसभर बसून बघा.

२३५/७५ आर १५ टायर असते तर हे दुखणंच नव्हतं. तो टायर जवळजवळ १० टक्के मोठा, म्हणजे १२ टक्क्यांचा खड्डा जवळपास भरला असता. हा सेट मुळात मोठ्या टायरवाल्यांसाठीच आहे. मोठा टायर लावला की गाडीचं सगळं गिअरिंग उंच होतं, ते परत खाली आणायला हा उपाय. मूळ टायर ठेवून सेट टाकणं म्हणजे ताप नसताना क्रोसिन घेणं. (मोठ्या टायरला मूळ गाडीच्या मापाबाहेर जाण्याचा कायदेशीर प्रश्न आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. आपापली जोखीम.)

मनालीपर्यंतचे तीन दिवस सोडून देतो. अटल बोगद्यातून बाहेर पडलो, सिस्सूला चहा, कोकसरहून ग्राम्फूचा फाटा. इथून बातलपर्यंत सुमारे ५० किलोमीटर, आणि हा सगळा लेख या ५० किलोमीटरांसाठी आहे.

ग्राम्फू ते छत्रू निभावतो. छत्रूच्या पुढे छोटा दडापर्यंत मात्र रस्ता म्हणजे चंद्रा नदीच्या काठाने पसरलेली दगडांची रास. काही ठिकाणी रुंदीकरण चाललं होतं आणि तिथे उलट जास्त वाईट होतं, कारण नुकतेच सुरुंग लावून पाडलेले धारदार दगड पसरलेले. मधेमधे नाले थेट रस्त्यावरून वाहतात. वरचा बर्फ दुपारी वितळतो आणि नाला फुगतो. सकाळी आठला जे पाणी रिमच्या मध्यापर्यंत, ते दोनला बंपरला लागतं. आम्ही मनालीत नाश्त्यात दीड तास घालवला आणि दोर्नी नाल्यावर बाराला पोचलो. ही चूक करू नका. पहाटे पाचला मनाली सोडा, पराठा छत्रूला खा.

इथे सेटने पैसे वसूल केले, तेही प्रामाणिकपणे लिहितो. मूळ लो पहिल्यात नुसत्या आयडलवर, म्हणजे रेस न देता, जिप्सी ताशी तीनेक किलोमीटर चालते. ऐकायला हळू वाटतं, पण गुडघ्याएवढ्या दगडांवर तीन फार होतात. मग तुम्ही हाफ क्लच धरता, आणि त्या हवेत इंजिनात आयडलला दम नसतो, म्हणून बंद पडू नये म्हणून थोडा रेस देता, आणि संध्याकाळपर्यंत क्लचचा वास डब्यातल्या भाजीलाही लागतो. ४.१६ वर तोच वेग १.७ झाला. क्लचवरून पाय काढला, ब्रेकवरही नाही, फक्त स्टिअरिंग. गाडी एकेक दगड चाचपत, एकेक चाक ठेवत जाते. मेहुणा उतरून पुढे चालत दगड दाखवत होता आणि आमचा वेग एकच होता. तासभर मला हा आयुष्यातला सगळ्यात शहाणा खर्च वाटला.

मग धाडकन आवाज आला. फोर बाय फोरचा दांडा उडून माझ्या मांडीवर आपटला. खाली बघतो तर ट्रान्सफर एका बाजूने लोंबतोय. तीनपैकी एक रबर माउंटिंग आडवं फाटलेलं.

यात नवल काहीच नाही. पहिला गिअर ३.६५२ चा. मूळ लोमध्ये ट्रान्सफरमधून इंजिनाचा टॉर्क ८.२८ पट होऊन निघतो, नव्यात १५ पटींच्या वर. जवळजवळ दुप्पट पीळ, आणि तो झेलणारं रबर मात्र गाडीबरोबर आलेलं, जुनं, तेलाने फुगलेलं. ज्याने सेट टाकला त्याने ट्रान्सफर खाली उतरवला, उघडला, परत चढवला, आणि तीच रबरं परत लावली. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. सेटच्या किमतीपुढे रबरांची किंमत चिल्लर आहे. सेट टाकणार असाल तर आधी माउंटिंग: नवी, शक्य तर जाड, आणि धरणाऱ्या आर्मला कुठे तडा आहे का ते पुसून, बॅटरी मारून स्वतः बघा. मिस्त्रीच्या "ओके आहे" वर जाऊ नका.

आम्ही काय केलं: जॅकने ट्रान्सफर वर उचलला, आर्म आणि चॅसीमध्ये टायरच्या ट्यूबचे तुकडे घड्या घालून कोंबले, आणि सामान बांधायच्या रॅचेट पट्ट्याने चॅसीला आवळून बांधला. दोन तास गेले. पहिला लो बंद, पुढचं सगळं लो दुसऱ्यात. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की माझा लो दुसरा ८.१० चा आहे, म्हणजे मूळ लो पहिल्याएवढाच. बातलपर्यंतचे उरलेले पंचवीसेक किलोमीटर मी मूळ जिप्सीच चालवली म्हणा ना. पोचलो. हळूहळू, क्लचचा वास घेत, अंधार पडल्यावर, पण पोचलो.

दुसऱ्या दिवशी कुंझुम खिंड. साडेचार हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आत, म्हणजे ऐंशी अश्वशक्तीच्या इंजिनाची पन्नासही उरत नाही. इथे सेट लागतोच, असं मला सांगितलं होतं. चढताना मी बराच वेळ लो चौथ्यात होतो, म्हणजे ४.१६. मूळ ट्रान्सफरमध्ये लो दुसरा ४.४२ चा असतो. त्याच चढावर मूळ गाडी लो दुसऱ्यात तितक्याच आरामात गेली असती. हायमध्ये पहिला ओरडतो आणि दुसरा दम टाकतो, म्हणून लोक म्हणतात गाडी चढत नाही. अहो, दांडा ओढून लोमध्ये टाका. त्यासाठी नवा सेट नको. फक्त कच्च्यावरच टाका; लोमध्ये फोर बाय फोर लागतंच, आणि कोरड्या डांबरावर ते लावून वळणं घेतली की स्टिअरिंग दगड होतं आणि कुठलं तरी क्रॉस नाहीतर जॉइंट तुटतं.

उतरताना मात्र फरक आहे. लोसरच्या बाजूच्या तीव्र वळणांवर लो दुसऱ्यात ब्रेकला जवळजवळ हात, म्हणजे पाय, लावावा लागला नाही. पण हाही मूळ लो पहिल्याने मिळतोच. एवढं लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय.

काझाला वेल्डिंगवाल्याने आर्मला एक पट्टी मारली आणि ट्रकच्या जुन्या टायरमधून कापलेलं रबर घातलं. काम चोख. बोली पंधराशेची, हातात घेतले साडेतीन हजार. "ऊपर सब नीचे से आता है, साहब." रबर तर तिथल्याच उकिरड्यातलं होतं. काम सुरू करण्याआधी रबर, वेल्डिंग, मजुरी वेगवेगळं विचारा आणि मोबाईलवर लिहून दाखवा. "देख लेंगे" म्हणाला की उठा. पेट्रोल मनालीत टाकी भरून शिवाय वीस लिटर बरोबर घ्या, कारण लोमध्ये सरासरी ढासळते आणि ग्राम्फू ते काझा मधे पंप नाही. की मठ, चिचम, चंद्रताल, सगळं सुंदर. फोटो घरी येऊन बघा.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. मूळ टायर असेल आणि फक्त स्पिती करायची असेल तर ट्रान्सफरला हात लावू नका. तेच पैसे नवा क्लच, तीन माउंटिंग आणि चांगल्या टायरमध्ये घाला. २३५ चे टायर असतील किंवा लावायचेच असतील तर ४.१६ डोळे झाकून. जुन्या हजार सीसी जिप्सीचे ट्रान्सफर गिअर तेराशेत टाकायचा स्वस्त जुगाड बरेच जण सुचवतात: त्यात हाय तेवढीच १२ टक्के खाली येते आणि लो जेमतेम २.५१ होते, म्हणजे मूळ टायरवर हायवेचा सगळा त्रास आणि दगडात चिमूटभर फायदा. ६.५ लोचा सेट विकायला कुणी आला तर दार लावा. पहिल्यात आयडलला ताशी एक किलोमीटर. रांगणारं मूल पुढे जाईल. नवा सेट टाकल्यावर पहिल्या पाचेकशे किलोमीटरला ट्रान्सफरचं तेल बदला, माझ्यातून चंदेरी चुरा निघाला.

परतीत इंदूरच्या पुढे मेहुण्याने औषधाच्या दुकानातून कापूस घेतला. मी पंचाहत्तरवर चालवत होतो, कंटेनर हॉर्न मारत ओलांडत होते. घरी पोचायला ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त लागला, आणि सोमवारी पहिला फोन टायरवाल्याला केला.