तुम्ही विचारलंत म्हणून : दुनळी ओरिजिनल आहे का?

"काका, फोटो टाकलाय, पणजोबांची दुनळी आहे, ओरिजिनल आहे का तेवढं सांगा." सोलापुरात लग्नाला गेलो, मयतीला गेलो, कुठंही गेलो तरी हेच. आणि फोटोत काय असतं, तर बाजूच्या पट्टीवरची नक्षी आणि बंदूक धरून उभा राहिलेला नातू. नक्षीवरनं काही कळत नाही ओ. नळीवरच्या नावावरनं पण नाही. रॉडा कलकत्ता, मँटन कलकत्ता असं वाचून लोक म्हणतात कलकत्त्यात बनली, बहुतेक वेळा ते विकणाऱ्याचं नाव असतं आणि माल बर्मिंगहॅमचा. रिबवर, म्हणजे दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर, सोन्यात 2 आकडा दिसला की दोन नंबरचा माल म्हणून तोंड पाडून बसतात, अहो ती जोडीतली दुसरी बंदूक असते, उलट भारी.

खरा मजकूर खाली असतो. पुढचं लाकूड काढायचं, नळ्या सुट्या करायच्या, उलट्या धरायच्या. नळ्यांवरचा नंबर, बॉडीवरचा नंबर आणि पुढच्या लाकडातल्या लोखंडावरचा नंबर, तिन्ही एक पाहिजेत. मग प्रूफचे शिक्के, म्हणजे नळी बार सोसते का ते तपासून मारलेले. मुकुटाखाली बीपी, बीव्ही असेल तर बर्मिंगहॅम, 1904 नंतरचं, त्याआधी तिथं मुकुट आणि खाली फुली मारल्यासारखे दोन राजदंड असायचे. काडतूस बसतं तिथनं दोन-तीन इंच पुढं नळीभोवती बारीक रेघ दिसली तर जुन्या बुडात नव्या नळ्या बसवल्यात. आणि काळा रंग नवाकोरा पण खालची अक्षरं झिजलेली, म्हणजे बफ मारून परत ब्ल्यूइंग केलंय.

यावर माझंच माझ्याशी जमत नाही. दुकानात बसायचो तेव्हा असली ब्ल्यूइंग केलेली बंदूक आली की मी सरळ 'बिघडवली' म्हणायचो. आता वाटतं, आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा, परत मिळते तेव्हा नळीवर गंज, मग माणूस काळी करून घेणार नाही तर काय करणार? वापरातली वस्तू आहे, शेत राखायला घेतलेली. पण ऐंशीच्या दशकात बाहेरनं बंदुका यायच्या बंद झाल्या, तेव्हापासून जुन्या इंग्लिश दुनळीला लोक वाट्टेल ते पैसे मोजतात, मग मोजणाऱ्याला सांगायचं नाही? सांगायचंच.

सांगितलं म्हणूनच तर सगळं झालं. "त्यांनी अण्णांची बंदूक खोटी पाडली" असं ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी लिहितोय, निम्म्यांनी अर्धवटच ऐकलंय.

मंगळवेढ्याकडचं घर. अण्णा ऐंशीच्या पुढचे, परवाना त्यांच्याच नावावर. मुलाला बंदूक विकायची होती, पुण्याचं परवानेवालं गिऱ्हाईक तयार होतं, इंग्लिश असेल तर. घरात चालत आलेलं असं की अण्णांचे आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात होते आणि 1887 ला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला महाराजांनी ही बक्षीस दिली. मी बाजेवर चादर टाकून नळ्या सुट्या केल्या. तिन्ही नंबर जुळले. नळ्या बोटावर टांगून टिचकी मारली, घंटेसारख्या वाजल्या, म्हणजे रिब कुठं सुटलेली नाही. जोड घट्ट, बफ कुठं मारलेला नाही. इतकी हात न लागलेली बंदूक क्वचितच बघायला मिळते. आणि खाली लंबगोलात ईएलजी, वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का, आणि त्यावर मुकुट आला 1893 पासून. वरचं नाव परत वाचलं तर नामी इंग्लिश कंपनीचंच, फक्त एक अक्षर इकडचं तिकडं. असा माल तेव्हा लिएजहून भरपूर निघायचा.

मी जे दिसलं ते सांगितलं. बेल्जियमची आहे, आणि 1887 ची असू शकत नाही.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे महाराजांनी आमच्या आजोबाला खोटी दिली?"

"खोटी नाही अण्णा, लिएजचे कारागीर पण नावाजलेले होते, बंदूक उत्तम आहे."

"तेच की."

मुलगा फोन घेऊन अंगणात गेला, पुण्याला कळवायला. अण्णांनी माझ्या हातातनं नळ्या घेतल्या आणि खाली न बघता बंदूक जोडली, लाकूड खटकन बसवलं, आत ठेवून आले. चहा झाला. जेवायचा आग्रह कुणी केला नाही, त्या घरात असं आधी कधी झालं नव्हतं.

एसटीत सुचलं, ज्युबिली दोन झाल्या की, 1887 ला सुवर्ण आणि 1897 ला हीरक. दुसरीला दिली असेल तर मुकुट बरोबर बसतो आणि घरातली गोष्ट पण खरी ठरते, फक्त साल सांगता सांगता बदललं. लगेच फोन केला. अण्णा म्हणाले, "आता समजूत काढू नका." ठेवला.

समजूत काढत नव्हतो मी, शिक्का तेच म्हणतोय. पण शिक्क्यावरनं एवढंच कळतं की 1893 च्या आधीची नाही, दिली कुणी आणि कधी हे लोखंडावर लिहिलेलं नसतं, आणि तुम्ही सगळे मला विचारता ते नेमकं तेवढंच असतं. नंबर विचारा, नळ्या विचारा, मूळ परवाना आणि परवानेवाला समोर ठेवून विचारा, सांगतो.

बायकोचं म्हणणं, मुलाला बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं, म्हाताऱ्या माणसासमोर कशाला. परवाना अण्णांचा, बंदूक अण्णांची, मालकाला पाठ करून पोराच्या कानात कुजबुजायचं मला जमत नाही. ती म्हणते जमत नाही ते शिकून घ्यायचं. अजून आमचं यावर वाजतं.